पुढं मोकळं, मागं मोकळं

तळमजल्यावरच्या काकूंनी एकदा मला जिन्यातच गाठलं. "अहो, काल दुपारी ते विमान उडता उडता राहिलं का हो? आवाज चढत गेला, चढत गेला, कपाटातल्या कपबश्या वाजायला लागल्या आणि मग एकदम गप्प. मी आपली रामरक्षा म्हणायला घेतली."

कालिन्यात राहणाऱ्याला विमानाच्या आवाजाचं अप्रूप नसतं. उठणारं विमान येतं आणि जातं. फोनवर बोलताना आपण तेवढ्यापुरते थांबतो आणि राहिलेलं वाक्य पुरं करतो. पण एकाच जागी उभं राहून ओरडणारा आवाज निराळा, तो जातच नाही. काकूंची वामकुक्षी मोडणारा तो आवाज आदल्या दिवशी मीच काढला होता, हे काही मी त्यांना सांगितलं नाही. "टेस्टिंग असतं काकू," एवढं म्हणून सटकलो.

आता निवृत्त झालोय, कबूल करायला हरकत नाही. उभी हयात हँगरमध्ये विमानांची इंजिनं खोलण्यात, बसवण्यात आणि मग ती जमिनीवरच चालवून बघण्यात गेली. आमच्यात त्याला 'इंजिन रन' म्हणतात. इंजिन बदललं, इंधनाचा एखादा कंट्रोल बदलला, तेल गळत होतं म्हणून सील नवा टाकला, वैमानिकाने लॉगबुकात कंपनं जास्त येतात असं लिहून दिलं, यातलं काहीही झालं की प्रवासी बसवण्याआधी इंजिन जमिनीवर चालवून पाहायचं. कधी नुसतं आयडलवर, म्हणजे मोटार न्यूट्रलमध्ये फुरफुरत ठेवावी तसं. कधी उड्डाणाच्या वेळी लागतो जवळजवळ तितक्या जोरावर. कपबश्या वाजतात त्या या दुसऱ्या प्रकारात.

अशा वेळी कॉकपिटमध्ये बहुधा वैमानिक नसतो, आमच्यातलाच एक इंजिनिअर बसलेला असतो, हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. मात्र नुसतं विमान दुरुस्तीचं लायसन असून भागत नाही. रन करण्याची परवानगी वेगळी, तिचं शिक्षण वेगळं, आणि बरीच वर्षं दुसऱ्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून बघितल्याशिवाय ती हातात पडत नाही. प्रत्यक्ष रन दहा-पंधरा मिनिटांचा. तयारीला दीड-दोन तास सहज जातात. अक्षता पडायला दोन मिनिटं लागतात, पण मांडव आदल्या दिवसापासून घालावा लागतो, तसं. आणि लोकांना सांगण्यासारखं जे काही आहे ते या मांडवातच आहे.

माझ्या वडिलांची, आबांची, कराडजवळच्या गावात पिठाची गिरणी होती. डिझेलचं इंजिन, त्याच्या फ्लायव्हीलवरून जात्यापर्यंत गेलेला लांब पट्टा. फिरत्या पट्ट्याच्या तीन हातांच्या आत कुणी यायचं नाही, हा आबांचा कायदा. उपरणं, पदर, शाळेच्या दप्तराचा बंद, काहीही लोंबतं असलं की ते ओरडायचे. शेजारच्या गावात गुऱ्हाळाच्या पट्ट्यात एकाचा हात गेला होता, तेव्हापासून तर फारच. हँडल मारण्याआधी ते सगळीकडे एकदा नजर फिरवायचे आणि "हँडल!" असं मोठ्यांदा सांगायचे. गिरणीत एकटेच असले तरी सांगायचे.

जेट इंजिनाची पंचाईत अशी की त्याला पट्टा आहे, पण तो दिसत नाही. तो हवेचा आहे. ए३२० विमानावरच्या सीएफएम५६ इंजिनाचा पुढचा पंखा १.७३ मीटर व्यासाचा असतो, जवळजवळ माझ्या उंचीएवढा. पूर्ण जोरावर हे इंजिन सेकंदाला साधारण ४०० किलो हवा ओढतं. दहा बाय दहाची चाळीतली खोली डोळ्यांसमोर आणा. तशा बारा खोल्यांमधली हवा एका सेकंदात त्या तोंडात जाते. नागपूरच्या मिहानमध्ये ज्या बोइंग ७७७ विमानांची देखभाल होते, त्यांच्या जीई९० इंजिनाचा पंखा तर सव्वातीन मीटरचा आहे. त्याच्यापुढे आमची बारा खोल्यांची चाळ म्हणजे काहीच नाही.

प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात त्याच्याभोवतीच्या धोक्याच्या जागेचा नकाशा असतो. बोइंग ७३७चं इंजिन आयडलवर असताना तोंडापासून साधारण नऊ-दहा फूट, जोर चढवला की तेरा-चौदा फूट. हे वर्तुळ फक्त समोर नसतं. इंजिनाच्या ओठापासून चार-पाच फूट मागेपर्यंत, दोन्ही बाजूंनी ते वळसा घालून येतं. नव्या पोरांना हे पटत नाही. त्यांना वाटतं समोर गेलं तरच ओढेल, बाजूला उभं राहिलं तर काय होतंय! हवा पाण्यासारखी असते, ती मोरीच्या भोकाकडे चारी बाजूंनी जाते, असं सांगितलं की मग जरा चेहरे बदलतात. मागच्या बाजूचा झोत तर आयडलवरही दीड-दोनशे फुटांपर्यंत माणसाला धड उभं राहू देत नाही. तो गरम असतो, केरोसिनच्या वासाचा असतो, त्यामुळे त्याची भीती आपोआप वाटते. पुढच्या ओढीला वासही नाही आणि रंगही नाही.

रंग नाही म्हणालो, पण वर्षातून चार महिने तो आम्हाला दिसायचा. पावसाळ्यात ओल्या काँक्रीटवर रन केला, की इंजिनाच्या तोंडाखाली जमिनीवरून पाण्याची एक बारीक सोंड वर चढताना दिसते. पांढरी, पिळाची, हातभर इकडे सरकते, हातभर तिकडे, आणि वर जाऊन तोंडात नाहीशी होते. छोटी वावटळच ती. उन्हाळ्यातही ती तिथेच असते, फक्त दिसत नाही. नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या पावसात लांब उभं करून ती सोंड दाखवायचो. पुस्तकातल्या नकाशाने जे होत नाही ते तिने व्हायचं.

ही सोंड पाणी उचलते तशी खडीही उचलते. म्हणून रनची तयारी सुरू होते ती झाडूने. एफओडी हा आमच्या धंद्यातला रोजचा शब्द; इंजिनात जाऊ नये अशी कुठलीही वस्तू. विमान जिथे उभं करायचं ती जागा चार-पाच जणांनी एका रांगेत, मान खाली घालून, चालत तपासायची. शेतात सरवा वेचतात तसं. लॉकिंग वायरचे तुकडे, रिव्हेट, बॅगेच्या चाकाचं प्लॅस्टिक, पेनाचं टोपण, एकदा तर एक चांदीचं जोडवं सापडलं होतं. ते कुणाचं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानंतर टॉर्च घेऊन इंजिनाच्या तोंडात वाकून बघायचं, पंख्याची पाती हाताने फिरवून एकेकीची कड चाचपायची. मागून एक्झॉस्टमध्येही बघायचं. २०१७च्या जूनमध्ये शांघायच्या विमानतळावर एका ऐंशी वर्षांच्या आजींनी प्रवास सुखाचा व्हावा म्हणून इंजिनाकडे नऊ नाणी फेकली होती. त्यातलं एक आत गेलं आणि विमान पाच तासांहून अधिक खोळंबलं. आपल्याकडे गाडी पुलावर आली की नदीत नाणं टाकतात, भाव तोच. फक्त नदी ते परत मागत नाही.

खिशातल्या सगळ्या वस्तू काढून ठेवायच्या, टोपी घालायची नाही, गळ्यातलं ओळखपत्र आत खोचायचं. आणि हत्यारं मोजायची. आमच्या हत्यारांच्या पेटीत प्रत्येक पान्याच्या आकाराचा खाचा असतो. खाचा रिकामा दिसला की काम तिथेच थांबतं. एका जुलैच्या रात्री माझ्या पेटीतला एक सॉकेट कमी भरला, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. इंजिनाभोवतीची दारं, म्हणजे काउल, बंद करून झाले होते, विमान ओढणारा टग जोडलेला होता, वरून फोनावर फोन येत होते. सहा पन्नासला ते विमान प्रवाशांना घेऊन निघायचं होतं. मी काउल उघडायला लावले. दोन तास आम्ही ते इंजिन टॉर्चने, आरशाने, बोटांनी शोधलं. कोणीतरी म्हणालं, मुळात पेटीत तो नव्हताच असं लिहून मोकळे होऊ या. मीही, खोटं कशाला बोलू, क्षणभर विचार केला. शेवटी तो सॉकेट सापडला माझ्याच रेनकोटाच्या आतल्या खिशात. पाऊस वाढला तेव्हा हात पुसायला मी तो तिथे टाकला होता. विमान उशिरा गेलं. लॉगमध्ये कारण लिहिताना माझे कान लाल झाले होते, पण माझ्या वरच्यांनी एवढंच विचारलं, "सापडला ना?"

मग जागा आणि वारा. टर्मिनलला लागून, शेजारी दुसरं विमान, मागे बसचा रस्ता, अशा ठिकाणी जोराचा रन करता येत नाही. विमानतळाने ठरवून दिलेली जागा असते, तिथे टगने ओढत न्यायचं, टॉवरची परवानगी घ्यायची. नाक वाऱ्याकडे करायचं. मुंबईत जून ते सप्टेंबर वारा नैऋत्येचा, पश्चिमेचा. तेव्हा विमानाने समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं, हे वेगळं सांगावं लागत नाही. वारा पाठीमागून घेतला तर इंजिनातून निघालेली गरम हवा फिरून पुन्हा तोंडाशी येते, आतला हवेचा प्रवाह तुटतो आणि तोफ उडावी तसा धडाका होतो. तो मी दोनदा ऐकला आहे. तिसऱ्यांदा ऐकायची इच्छा नाही.

यानंतरची गोष्ट मला नेहमी सगळ्यांत विचित्र वाटत आली. विमान म्हणजे पुढे जाण्यासाठी बांधलेली वस्तू. तिला पूर्ण जोर द्यायचा आणि जागेवरून हलू द्यायचं नाही. हिशोब करून बघा. रिकामं ए३२० साधारण ४२ टनांचं. त्याच्या एकेका इंजिनाचा पूर्ण जोर सुमारे १२ टनांचा. दोन्ही एकदम चढवली तर २४ टन पुढे रेटतात. ब्रेक कितीही घट्ट असले, चाकं तसूभर फिरली नाहीत, तरी टायर जमिनीवरून घसरू शकतात. ओल्या, तेलकट काँक्रीटवर तर नक्कीच. म्हणून टाकीत इंधन भरून आधी वजन वाढवायचं, जमीन शक्यतो कोरडी आणि स्वच्छ बघायची, नाकाचं चाक सरळ ठेवायचं, मोठ्या चाकांपुढे चॉक, म्हणजे अडणीचे ठोकळे, लावायचे, ब्रेकच्या हायड्रॉलिकचा दाब घड्याळात डोळ्यांनी बघायचा. जोर एका वेळी एकाच इंजिनाला द्यायचा, दुसरं तोल राखण्यापुरतं. एवढं करूनही जोर चढला की विमानाचं नाक खाली दबतं. दावणीला बांधलेला बैल शिंगं खाली घालून रेटतो ना, अगदी तसं. कॉकपिटमध्ये बसल्यावर ते पाठीला कळतं.

१५ नोव्हेंबर २००७ला फ्रान्समध्ये तुलूझला जे झालं त्याचा फोटो आमच्या ट्रेनिंग रूमच्या भिंतीवर कित्येक वर्षं होता. एअरबस ए३४०-६००, चार इंजिनांचं, कोरं करकरीत, काही दिवसांत गिऱ्हाइकाच्या ताब्यात जायचं होतं. तेलाची गळती शोधायला चारही इंजिनं एकदम मोठ्या जोरावर चढवली. चॉक लावले नव्हते. जवळजवळ तीन मिनिटं ते तसंच उभं राहिलं. मग हललं. खुर्चीतल्या माणसाचं सगळं लक्ष ब्रेककडे आणि नाकाचं चाक वळवण्याकडे गेलं. थ्रॉटल मागे ओढायचं सुचायला वेळ लागला. तेरा सेकंदांत ते विमान झोत अडवण्यासाठी बांधलेल्या काँक्रीटच्या भिंतीवर चढलं आणि नाक तुटून पलीकडे लोंबलं. आत नऊ जण होते. काही जबर जखमी झाले, जीव कुणाचा गेला नाही. एका प्रवाशालाही न नेता ते विमान भंगारात गेलं.

त्या फोटोखाली आमच्या शिक्षकांनी खडूने लिहिलं होतं : "आधी थ्रॉटल." विमान हललं तर आधी थ्रॉटल मागे, बाकी सगळं त्यानंतर. सोपं वाटतं. पण सायकलवरून पडताना आपण ब्रेक दाबतो की पाय टेकतो, हे आपल्याला पडून झाल्यावरच कळतं. म्हणून रन सुरू करण्याआधी मी खुर्चीत बसून थ्रॉटलला हात न लावता ती हालचाल मनात दोन-तीनदा करायचो. शेजारच्याला बोलूनही दाखवायचो. पोरं हसायची.

आता झाकणं. जास्त दिवस उभ्या असलेल्या विमानाला लाल पट्ट्या लोंबणारी झाकणं घातलेली असतात, इंजिनाच्या तोंडाला, मागे, आणि वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांना. ती काढायची आणि मोजायची. पिटोचं झाकण राहिलं तर तो फक्त विसरभोळेपणा ठरत नाही. इंजिन सुरू झालं की ए३२०मध्ये त्या नळ्या बर्फ धरू नये म्हणून आपोआप तापायला लागतात, आणि झाकण वितळून नळीला चिकटून बसतं. उलट झाकण घातलंच नाही तर कुंभारीण माशी आहेच. भिंतीच्या कोपऱ्यात चिखलाचं घर करणारी ही माशी पिटोच्या भोकावर फार प्रेम करते. फेब्रुवारी १९९६मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमधून उठलेलं एक बोइंग ७५७ समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली. पिटो नळी तुंबलेली होती आणि संशय अशाच एका माशीवर होता. साळुंक्यांचंही तेच. दोन दिवस विमान उभं राहिलं की कुठल्या तरी फटीत काड्या आणायला सुरुवात. २०२०च्या टाळेबंदीत जगभर हजारो विमानं महिनोन् महिने उभी राहिली तेव्हा तर काय विचारता. त्या जुलैत अमेरिकेच्या विमान नियामकांनी तातडीचा हुकूम काढला होता : सात दिवस किंवा त्याहून जास्त उभ्या असलेल्या ७३७च्या इंजिनातला हवेचा एक व्हॉल्व्ह गंजून अडकतो का ते तपासा. त्याआधी चार विमानांची एकेक इंजिनं हवेत बंद पडली होती. यंत्राला काम नसलं की ते बिघडतं, हे आबा गिरणीबद्दल नेहमी म्हणायचे.

आणि काउल, इंजिनाभोवतीची ती उघडझाप होणारी दारं. ती वरून बंद दिसतात. त्यांच्या कड्या खाली, पोटाशी असतात. ए३२०च्या घराण्यातल्या विमानांचं इंजिन जमिनीला इतकं टेकलेलं की कड्या बघायला गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून, जवळजवळ लोटांगणच घालावं लागतं. चाळिशीनंतर हे काम माणूस टाळायला लागतो. २४ मे २०१३ला लंडनच्या हिथ्रोवरून एक ए३१९ उठलं आणि उठता उठता दोन्ही इंजिनांची दारं उडून गेली, इंधनाची नळी फाटली, एक इंजिन पेटलं. ते सुखरूप परत उतरलं. चौकशीत निघालं ते असं : रात्री काम करणारे दोघे तंत्रज्ञ मधे सामान आणायला गेले, आणि परत आले ते तसंच दिसणाऱ्या शेजारच्या विमानाकडे. तिथली दारं बंद. त्यांना वाटलं, कोणीतरी लावून घेतली असतील. ही चूक वाचून मला हसू आलं नाही. रात्री तीन वाजता सगळी विमानं सारखी दिसतात. तेव्हापासून मी कड्या बघण्याआधी शेपटीजवळचा नोंदणी क्रमांक मोठ्याने वाचायचो.

हे सगळं झालं तरी इंजिन सुरू होत नाही. माणसं लावायची असतात. आणि खरं सांगायचं तर झाडू, चॉक, वारा, वजन या सगळ्यापेक्षा मला माणसांची चिंता जास्त असायची. कॉकपिटमधून इंजिन दिसत नाही. खिडकीला गाल लावून मान कितीही वळवा, पंखाखाली काय चाललंय ते कळत नाही. ज्याच्या हातात स्विच आहे त्याला इंजिन दिसत नाही, आणि ज्याला इंजिन दिसतं त्याच्या हातात स्विच नाही. या दोघांना जोडणारी एक वायर असते, हेडसेटची. जमिनीवरचा माणूस नाकाच्या पुढे, बाजूला, कॉकपिटला दिसेल असा उभा राहतो. आणखी एकेक जण दोन्ही बाजूंना लांब उभे, कुणाला आत येऊ न देण्यासाठी. अग्निशामक हाताशी. सगळ्यांच्या कानात बोळे आणि त्यावर मफ, म्हणजे ओरडून सांगायची सोय नाहीच. वायर तुटली तर हाताच्या खुणा. गळ्यावरून आडवा हात फिरवला की ताबडतोब इंजिन बंद, का ते नंतर विचारायचं. या खुणा आधी एकमेकांसमोर करून दाखवायच्या. वीस वर्षं बरोबर काम केलेल्या माणसासमोरसुद्धा.

१६ जानेवारी २००६ला अमेरिकेत एल पासो विमानतळावर एका ७३७च्या उजव्या इंजिनाखाली तेल दिसलं. मेकॅनिक आले, काउल उघडला, वैमानिकाला इंजिन चालवायला सांगितलं. आयडलवर काही मिनिटं बघितलं, मग जोर ७० टक्क्यांपर्यंत चढवायला सांगितला. वैमानिकाने चढवला. वाकून बघणारा एक मेकॅनिक उठून उभा राहिला आणि त्या तेरा-चौदा फुटांत आला. चूक एवढीच. आयडलला जिथे उभं राहणं चालत होतं, ती जागा जोर चढवल्यावर इंजिनाची झाली होती.

१६ डिसेंबर २०१५ला आमच्याच मुंबई विमानतळावर. हैदराबादला निघालेलं ए३१९, रात्रीचे पावणेनऊच्या आसपास. तो रन नव्हता, नेहमीचा पुशबॅक होता, म्हणजे विमान जागेवरून मागे ढकलणं. जमिनीवरचा माणूस बाजूला झाला असं वर समजलं गेलं, आणि तो झाला नव्हता. त्या रात्री मी ड्युटीवर नव्हतो. बातमी फोनवर आली तेव्हा जेवायला बसलो होतो, ताट तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये कोणी कुणाशी फारसं बोललं नाही. हेडसेटची वायर गुंडाळताना मात्र प्रत्येकजण ती दोनदा तपासत होता.

आमच्याकडे हेडसेटवर एक जुने तंत्रज्ञ असायचे, सगळे त्यांना अण्णा म्हणत. पुस्तकातलं बोलणं इंग्रजीत असतं : कॉकपिट विचारतं, नंबर टू, क्लिअर टू स्टार्ट? खालून उत्तर येतं, फ्रंट क्लिअर, रिअर क्लिअर. अण्णा ते तसं म्हणायचेच, नियम आहे, पण त्याआधी ते एकदा गोल फिरून चारी बाजूंना बघायचे आणि वायरीत मला ऐकू येईल असं स्वतःशी पुटपुटायचे, "पुढं मोकळं, मागं मोकळं." ते पुटपुटणं कानावर पडल्याशिवाय माझा हात स्विचकडे जात नसे. एकदा एका मोठ्या साहेबांनी शेजारी बसून घाई केली, त्याने क्लिअर दिलंय ना, मग? मी म्हटलं, दिलंय सर, पण अजून बघितलेलं नाही. साहेबांना त्यातला फरक कळला नसावा.

मग लाल बीकन लावायचा, शेपटीतल्या छोट्या इंजिनाची, एपीयूची, हवा सोडायची. मोठं इंजिन कुरकुरत फिरायला लागतं, पंखा हलतोय हे मधल्या शंकूवर रंगवलेल्या पांढऱ्या वळीमुळे खालच्यांना दिसतं. वेग पुरेसा झाला की इंधन, ठिणगी, आणि काट्यांवर नजर. पेटताना तापमान ७२५ अंशांच्या पुढे जाता कामा नये; जाईल असं वाटलं तरी बंद करायचं, होईल थोड्या वेळाने ठीक असं म्हणत बसायचं नाही. पुढचं वाचायला कंटाळवाणं आहे. आकडे लिहायचे, गळती बघायची, जोर चढवायचा, आकडे लिहायचे, उतरवायचा, मग आतला धातू सावकाश निवावा म्हणून तीनेक मिनिटं आयडलवर ठेवून बंद.

बंद म्हणजे लगेच बंद नव्हे. पंखा बराच वेळ स्वतःच्या ओढीने फिरत राहतो. वेग कमी झाला की सुटी बसवलेली पाती एकेक करून खाली पडताना खट्‌ खट्‌ आवाज करतात, रिकाम्या बैलगाडीसारखा. पांढरी वळी डोळ्यांना मोजता येईल इतकी संथ होते, मग थांबते. बीकन विझतो. तेव्हा कुठे अण्णा हात वर करायचे आणि बाकीचे पुढे सरकायचे.

आमच्या हँगरमध्ये एके वर्षी कुटुंबीयांना बोलावलं होतं, तेव्हा आबा गावाहून आले. धोतर, कोट, खांद्यावर उपरणं. थंड पडलेलं एक इंजिन लोकांना बघायला उघडं ठेवलं होतं. आबांनी त्याला लांबूनच एक फेरी मारली, मग मला विचारलं, "ह्याचा पट्टा कुठं हाय रं?"

म्हटलं, आबा, ह्याला पट्टा नाही. हवाच ओढते.

"म्हंजी दिसत न्हाय?"

"नाही."

ते थोडा वेळ त्या तोंडाकडे बघत राहिले. मग खांद्यावरचं उपरणं काढलं, घडी घातली, कोटाच्या आत कोंबलं आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले.